ध्वनिक्षेपक प्राचले : घरगुती मापन व उत्पादकांचे विनिर्देश

ध्वनिक्षेपकाचे नीच कंप्रतेवरील (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या कमी असतानाचे) वर्तन ज्या मोजक्या राशींनी ठरते, त्यांना ध्वनिक्षेपक प्राचले म्हणतात. ए. नेव्हिल थील व रिचर्ड एच. स्मॉल यांनी १९६१ ते १९७३ या काळात ऑस्ट्रेलियात केलेल्या कार्यामुळे ही प्राचले थील-स्मॉल प्राचले या नावाने ओळखली जातात. ध्वनिक्षेपक एकक (पेटीत बसविण्यापूर्वीचा सुटा ध्वनिक्षेपक) विकणारे उत्पादक ती आपल्या माहितीपत्रकात छापतात. तीच प्राचले एखादा आंदोलक, एक व्होल्टमापक व एक रोधक एवढ्या सामग्रीवर घरीही मोजता येतात. घरी मोजलेले आकडे व छापलेले आकडे सहसा तंतोतंत जुळत नाहीत. या तफावतीचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रश्न थील यांच्या निबंधापासूनच उद्‌भवला आहे. कारण विक्रेत्याचे विधान ग्राहकास स्वतः तपासून पाहता येण्याची सोय या क्षेत्रात प्रथम त्या निबंधाने झाली.

चल वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकात कागदाचे किंवा तत्सम हलक्या द्रव्याचे शंक्वाकार पटल असते. पटलाच्या मुळाशी तांब्याच्या तारेचे वेटोळे जोडलेले असून ते चुंबकाच्या अरुंद फटीत मागेपुढे हलते. पटल कडेच्या मऊ वळीवर आणि वेटोळ्याजवळील ‘स्पायडर’ नावाच्या नालीदार कापडी चकतीवर टांगलेले असते. या दोहोंस मिळून येथे टांगणी म्हटले आहे. पटल व वेटोळे यांचे वस्तुमान आणि टांगणीची लवचिकता यांमुळे एका विशिष्ट कंप्रतेला पटल सर्वांत सुलभपणे हलते. ही अनुस्पंदन कंप्रता होय. हलणारे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात जनित्राप्रमाणे उलट विद्युत् दाब निर्माण करते आणि त्यामुळे वेटोळ्याचा संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा एकूण विरोध) या कंप्रतेला कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे पटलाची यांत्रिक स्थिती विद्युत् अग्रांवर उमटते. घरगुती मापनाचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

इतिहास : हलणाऱ्या पटलामुळे विद्युत् संरोधात पडणाऱ्या फरकाचा पद्धतशीर अभ्यास ए. ई. केनेली व जी. डब्ल्यू. पिअर्स यांनी १९१२ मध्ये दूरध्वनीच्या ग्राहकांवर केला. त्यावेळी चल वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक प्रचारात नव्हता. ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये त्याचे एकस्व घेतले होते इतकेच. पीटर जेन्सन व एडविन प्रिडॅम यांनी १९१५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात कर्णा जोडलेला चल वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक व्यवहारात आणला. कर्ण्याशिवाय चालणाऱ्या ध्वनिक्षेपकाचा पाया मात्र जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर डब्ल्यू. राइस व एडवर्ड डब्ल्यू. केलॉग यांच्या १९२५ च्या निबंधाने घातला गेला. अनुस्पंदन कंप्रता वापराच्या कंप्रतापट्टाच्या तळाशी ठेवली, तर तिच्यावरील कंप्रतांना पटलाची गती केवळ त्याच्या वस्तुमानाने नियंत्रित होते आणि ध्वनिनिर्मिती एकसारखी राहते, हे त्यांनी दाखविले. आजचे बहुतेक ध्वनिक्षेपक याच तत्त्वावर चालतात.

पटलाच्या मागील बाजूने निघणारा ध्वनी पुढील ध्वनीस मारक ठरू नये म्हणून ध्वनिक्षेपक पेटीत बसवितात. बेल प्रयोगशाळेतील ए. एल. थुरस यांनी पेटीला नळीवजा छिद्र ठेवून मागील ध्वनीचाही उपयोग करून घेणारी रचना सुचविली व तिचे एकस्व त्यांना १९३२ मध्ये मिळाले. एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये पूर्ण बंद व लहान पेटीतील हवेचीच स्प्रिंग म्हणून योजना केली. या दोन्ही प्रकारांत ‘कोणत्या ध्वनिक्षेपकास केवढी पेटी’ हा व्यावहारिक प्रश्न होता आणि त्याचे उत्तर बराच काळ अनुभवाने व चुकतमाकत शोधले जाई. छिद्रयुक्त पेटी तर बदनामच झाली होती. अंदाजाने बांधलेल्या अशा पेटीतून घुमणारा, एकसुरी खर्ज निघे आणि दोष पेटीच्या तत्त्वाकडे जाई. उत्पादक त्या काळी व्यास, नाममात्र संरोध, वॉटमध्ये शक्ती आणि फार तर अनुस्पंदन कंप्रता एवढेच सांगत. त्यावरून पेटीचे गणित मांडणे अशक्य होते.

हा गुंता थील यांनी सोडविला. ते त्यावेळी ईएमआय कंपनीच्या ऑस्ट्रेलियातील शाखेत अभियंता होते (पुढे १९६२ मध्ये ते ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कमिशनमध्ये गेले). जे. एफ. नोव्हाक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या सरलीकृत प्रतिमानाचा आधार घेऊन थील यांनी छिद्रयुक्त पेटीतील ध्वनिक्षेपक म्हणजे चौथ्या कोटीचे विद्युत् छानक मंडलच होय असे मानले. छानक मंडलांचे गणित दूरसंदेशवहनाच्या अभियंत्यांनी आधीच पूर्णत्वास नेले होते. त्यामुळे हवा तो प्रतिसाद आधी निवडून त्यावरून पेटीचे माप काढणे शक्य झाले. अशा २८ जुळण्यांचे कोष्टक थील यांनी दिले. हा निबंध ऑगस्ट १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातील रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला व दहा वर्षे जवळजवळ तेथेच पडून राहिला. अमेरिकेतील ऑडिओ एंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकाने १९७१ मध्ये तो दोन भागांत पुनर्मुद्रित केल्यावर मात्र चित्र झपाट्याने पालटले. सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या स्मॉल यांनी १९७२ व १९७३ मध्ये त्याच नियतकालिकातील लेखमालेत बंद व छिद्रयुक्त अशा दोन्ही पेट्यांचे विश्लेषण पूर्ण केले, प्राचलांच्या व्याख्या निश्चित केल्या आणि कार्यक्षमतेचा त्यांच्याशी असलेला संबंध उलगडून दाखविला.

थील व स्मॉल यांनी निवडलेली प्राचले पाहिली, तर त्यांमागील धोरण ध्यानात येते. अनुस्पंदन कंप्रता (माहितीपत्रकातील ‘एफएस’) व वेटोळ्याचा एकदिश रोध (‘आरई’) सरळच मोजता येतात. संदमन, म्हणजे कंपन विरवण्याची क्रिया, किती आहे हे तीन गुणवत्ता गुणक सांगतात : टांगणीतील घर्षणामुळे येणारा यांत्रिक गुणक (‘क्यूएमएस’), चुंबक व वेटोळे यांमुळे येणारा विद्युत् गुणक (‘क्यूईएस’) आणि दोहोंचा संयुक्त परिणाम दाखविणारा एकूण गुणक (‘क्यूटीएस’). गुणक जितका लहान तितके संदमन अधिक. शेवटचे प्राचल तुल्य घनफळ (‘व्हीएएस’) हे होय. टांगणीइतकीच लवचिकता असणाऱ्या बंदिस्त हवेचे घनफळ, अशी त्याची व्याख्या आहे. टांगणीचा ताठरपणा न्यूटन प्रतिमीटरमध्ये न सांगता लिटरमध्ये सांगण्यात मोठी सोय आहे, कारण पेटीही लिटरमध्येच मोजली जाते. यांतील एकाही राशीसाठी प्रतिध्वनिरहित कक्ष किंवा अंशन केलेला ध्वनिग्राहक लागत नाही.

घरगुती मापन : थील यांनी आपल्या निबंधातच मापनाची रीत दिली होती व स्मॉल यांनी ती अधिक काटेकोर केली. ध्वनिक्षेपक एकक भिंतीपासून दूर, हवेत घट्ट धरून ठेवतात. आंदोलकापासून निघणारा संकेत सु. १,००० ओहम रोधकातून त्याला देतात. रोधक मोठा असल्याने प्रवाह जवळजवळ स्थिर राहतो व एककाच्या अग्रांवरील विद्युत् दाब संरोधाच्या प्रमाणात बदलतो. दाब महत्तम होतो ती अनुस्पंदन कंप्रता.

समजा, २० सेंमी. नाममात्र व्यासाच्या एका एककाचा एकदिश रोध ६ ओहम असून ३२ हर्ट्‌झला त्याचा संरोध ५४ ओहम भरला. दोहोंचे गुणोत्तर ९ व त्याचे वर्गमूळ ३. आता संरोध ६ च्या तिप्पट, म्हणजे १८ ओहम, होईल अशा दोन कंप्रता शिखराच्या दोन्ही बाजूंस शोधतात. त्या २०·३ व ५०·३ हर्ट्‌झ आढळल्या, तर त्यांतील अंतर ३० हर्ट्‌झ. ३२ ला ३ ने गुणून ३० ने भागले असता यांत्रिक गुणक ३·२ येतो; त्याला गुणोत्तरातून एक वजा करून येणाऱ्या ८ ने भागले की विद्युत् गुणक ०·४ आणि ९ ने भागले की एकूण गुणक सु. ०·३६ मिळतो. पडताळाही सोपा आहे : दोन्ही बाजूंच्या कंप्रतांच्या गुणाकाराचे वर्गमूळ अनुस्पंदन कंप्रतेइतके यावयास हवे. येथे ते ३१·९५ येते. ते बरेच वेगळे आले, तर मापन पुन्हा करावे.

तुल्य घनफळासाठी आणखी एक पायरी लागते. एकक ज्ञात घनफळाच्या बंद पेटीवर बसवून वाढलेली अनुस्पंदन कंप्रता मोजतात किंवा पटलावर ज्ञात वस्तुमान चिकटवून घटलेली कंप्रता मोजतात. वरील एककावर २० ग्रॅ. ठेवल्यावर कंप्रता २५·६ हर्ट्‌झवर उतरली, तर पटलाचे मूळ चल वस्तुमान सु. ३५·६ ग्रॅ. ठरते. (वस्तुमान म्हणून मळलेल्या मातीचा गोळा चांगला. भारतातील सध्याची एक व दोन रुपयांची नाणी चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या पोलादाची असल्याने या कामास योग्य नाहीत.) चल वस्तुमान व कंप्रता यांवरून लवचिकता आणि तिच्यावरून पटलाच्या परिणामी क्षेत्रफळाच्या साहाय्याने तुल्य घनफळ काढतात. परिणामी व्यास १६·५ सेंमी. धरल्यास ते सु. ४५ लि. येते.

सर्वांत मोठी चूक येथेच शिरते. तुल्य घनफळ क्षेत्रफळाच्या वर्गाच्या, म्हणजेच व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. पटलासोबत कडेच्या वळीचा अर्धा भाग व्यासात धरावयाचा अशी रूढी आहे. पण वळी कोठे सुरू होते व कोठे संपते हे पट्टीने ठरविताना ५ टक्क्यांचा फरक सहज पडतो आणि तेवढ्याने घनफळात २१ टक्क्यांहून अधिक फरक पडतो. बंद पेटीच्या रीतीत व्यास लागत नाही, म्हणून पेटी हवाबंद करण्याचे कष्ट घेणाऱ्यास तीच रीत अधिक विश्वसनीय वाटावी.

तफावतीची कारणे : समजा, वरील एककाच्या माहितीपत्रकात अनुस्पंदन कंप्रता २८ हर्ट्‌झ, विद्युत् गुणक ०·३५ व तुल्य घनफळ ५८·८ लि. असे छापले आहे. घरी मोजलेली कंप्रता त्याहून १४ टक्के जास्त व घनफळ जवळजवळ चतुर्थांशाने कमी आहे. फसवणूक झाल्याची शंका येणे साहजिक आहे. परंतु प्रथम टांगणीकडे पाहावे. राळ लावून ताठ केलेली नवी चकती काही तास जोराने हलविल्यावर मऊ होते व अनुस्पंदन कंप्रता खाली येते. म्हणून काही उत्पादक दोन तासांच्या शक्तिचाचणीनंतर मापन केल्याचे माहितीपत्रकात नमूद करतात. ग्राहक मात्र खोक्यातून काढलेले एकक मोजतो. शिवाय टांगणीचा ताठरपणा हालचालीच्या विस्तारावर अवलंबून असतो; अगदी क्षीण संकेतास ती अधिक ताठर भासते. १,००० ओहम रोधकातून मिलिव्होल्टांनी घेतलेले मापन व कारखान्यात एकदोन व्होल्ट देऊन घेतलेले मापन यांत त्यामुळे अंतर पडते.

तपमानाचा परिणाम दुहेरी असतो. थंडीत टांगणी ताठरते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सु. ०·३९ टक्के वाढतो. २० से. तपमानाच्या प्रयोगशाळेत मोजलेले वेटोळे विदर्भातील उन्हाळ्यात ३८ से. खोलीत ७ टक्के अधिक रोध दाखवील आणि विद्युत् गुणकही तितकाच वाढेल. हवेच्या दाबाचा प्रभाव सहसा कोणी विचारात घेत नाही. तुल्य घनफळ हवेच्या दाबाच्या प्रमाणात असल्याने सु. १,३५० मी. उंचीवरील महाबळेश्वरास ते मुंबईहून सु. १५ टक्के कमी भरेल. येथे एककात किंवा मापनात दोष मुळीच नाही.

काही फरक मापन करणाऱ्याच्या सामग्रीतून येतात. साध्या बहुमापकाच्या तारांचा ०·३ ओहम रोध वजा केला नाही, तर ३·२ ओहम वेटोळ्याच्या रोधात ९ टक्क्यांहून अधिक चूक होते. उलट बाजूने, छापील आकडे पुष्कळदा नमुना एककांचे किंवा अनेक एककांच्या सरासरीचे असतात व एखाद्या विशिष्ट एककाबद्दल ते काहीच सांगत नाहीत. क्वचित ते आरंभीच्या नमुन्याचे असतात व नंतर गोंद, कापड किंवा चुंबक बदलला तरी माहितीपत्रक तेच राहते. या प्रकाराचे समर्थन करणे कठीण आहे.

आकड्यांची तुलना : प्रत्येक आकडा सुटा घेऊन टक्केवारी काढणे ही तुलनेची चुकीची रीत होय. टांगणी बदलली की अनुस्पंदन कंप्रता, विद्युत् गुणक व तुल्य घनफळ ही तिन्ही एकदमच व ठराविक प्रमाणात बदलतात. अनुस्पंदन कंप्रतेस विद्युत् गुणकाने भागून येणारी संख्या केवळ चुंबक, वेटोळे व चल वस्तुमान यांवर अवलंबून असते. टांगणीचा तिच्याशी संबंध नाही. वरील उदाहरणात घरची संख्या ३२ भागिले ०·४ म्हणजे ८० आणि कारखान्याची २८ भागिले ०·३५ म्हणजेही ८०. तुल्य घनफळास अनुस्पंदन कंप्रतेच्या वर्गाने गुणिले असता दोन्हीकडे सु. ४६,००० येतात. तेव्हा दोन्ही मापने एकाच एककाची असून केवळ टांगणीची अवस्था निराळी आहे. हे एकक ३० लि. बंद पेटीत बसविले, तर घरच्या आकड्यांनुसार पेटीतील अनुस्पंदन कंप्रता ५०·६ व छापील आकड्यांनुसार ४८·२ हर्ट्‌झ येते. १४ टक्क्यांचा फरक ५ टक्क्यांवर आला, कारण लहान पेटीत बहुतेक ताठरपणा हवेचा असतो. कानाला हा फरक जाणवणे दुरापास्त आहे.

ती संख्या ८० ऐवजी ६५ आली असती, तर मात्र गोष्ट गंभीर होती. चुंबक दुर्बळ आहे किंवा पटल जड आहे, असा त्याचा अर्थ. कितीही तास वाजवून ती उणीव भरून निघत नाही. तक्रार करावयाची ती अशा वेळी.

स्मॉल यांच्या समीकरणांनी आणखी एक कसोटी हाती दिली व तिला मापनही लागत नाही. ध्वनिक्षेपकाची कार्यक्षमता अनुस्पंदन कंप्रतेचा घन, तुल्य घनफळ व विद्युत् गुणक यांवरून ठरते. वरील एककाची ती ०·३६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १ वॉट शक्तीस १ मी. अंतरावर सु. ८७·५ डेसिबेल इतकी येते. घरचे आकडे घेतले काय किंवा छापील घेतले काय, उत्तर एकच. त्याच माहितीपत्रकात संवेदनक्षमता ९१ डेसिबेल लिहिलेली असेल, तर पत्रक स्वतःशीच विसंगत ठरते. पुष्कळदा याचे मूळ मोजण्याच्या अटीत असते. २·८३ व्होल्ट दाबाने ८ ओहमच्या एककास १ वॉट, पण ४ ओहमच्या एककास २ वॉट मिळतात आणि ३ डेसिबेल फुकट पदरात पडतात. जाहिरातीच्या दृष्टीने ही अट फार सोयीची आहे, असेच म्हटले पाहिजे.

नंतरचा विकास : ऑडिओ एंजिनिअरिंग सोसायटीने १९८४ मध्ये व्यावसायिक ध्वनिक्षेपकांचे विनिर्देश कसे द्यावेत याविषयी शिफारस प्रसिद्ध केली व माहितीपत्रकांत एकवाक्यता येऊ लागली. गॅरी मार्गोलिस व स्मॉल यांनी १९८१ मध्ये पेटीच्या आकडेमोडीसाठी खिशातील गणकयंत्रावर चालणारे कार्यक्रम दिले होते. हौशी मंडळींसाठी अमेरिकेत १९८० मध्ये ‘स्पीकर बिल्डर’ हे नियतकालिक सुरू झाले. १९९० नंतर वैयक्तिक संगणकातील ध्वनिपट्टच आंदोलक व मापक अशी दोन्ही कामे करू लागला. पूर्वी अर्धा दिवस खाणारा संरोधाचा आलेख आता काही सेकंदांत निघतो व प्राचले आपोआप छापली जातात. त्यांत दशांशचिन्हापुढे तीन तीन अंक असतात. त्यांतील पहिल्या दोनांवरच भिस्त ठेवावी.

आलेख सूक्ष्म मिळू लागल्यावर मूळ प्रतिमानाच्याच मर्यादा उघड झाल्या. एम. एच. नुडसेन व जे. जी. येन्सेन यांनी १९९३ मध्ये असे दाखविले की, टांगणी आदर्श स्प्रिंगप्रमाणे वागत नाही; कंप्रता जितकी नीच तितकी ती अधिक सैल पडते. म्हणजे ३० व ५ हर्ट्‌झला एकच लवचिकता धरणे योग्य नाही. मोठ्या संकेतास चुंबकीय बल व ताठरपणा पटलाच्या स्थितीनुसार बदलतात. जर्मनीतील ड्रेझ्डेन येथील वोल्फगांग क्लिपेल यांनी लेसरने पटलाचे स्थानांतर मोजून हे बदल नोंदणारी उपकरणे विकसित केली आणि मोठ्या संकेताच्या प्राचलांच्या मापनाविषयी आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाचे मानक २०१० मध्ये निघाले. ही सामग्री सामान्य हौशी व्यक्तीच्या आवाक्याबाहेरची आहे.

एका बाबतीत मात्र घरचे मापनच एकमेव साधन ठरते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) किंवा गावोगावच्या दुरुस्तीच्या दुकानांत जळलेले वेटोळे व फाटलेले पटल बदलून घेतलेल्या ध्वनिक्षेपकास मूळ माहितीपत्रक लागू पडत नाही. चुंबक जुना असला तरी पटलाचे वस्तुमान, तारेची लांबी व टांगणी ही सर्व नवी असतात. अशा एककासाठी पेटी बांधावयाची असेल, तर त्याची प्राचले नव्याने मोजावी लागतात. जोडीच्या दोन्ही बाजूंची पटले एकाच वेळी बदलली असतील, तर दोन्ही एकके स्वतंत्रपणे मोजावी.